चौतिसाव्या वर्षी

परवा रात्री पावणेदहाला फोन वाजला. आमच्याकडे त्या वेळी फोन म्हणजे एक तर राँग नंबर, नाही तर वाईट बातमी. सौ. लगबगीने उठली. पण फोन होता भाच्याचा, पुण्याहून.

"मामा, झोपलात का?"

"नाही रे. बोल."

"काही नाही. नोकरी सोडावी म्हणतोय."

हे 'काही नाही' फार छान होतं! मी विचारलं, किती वर्षांचा झालास रे? म्हणाला, चौतीस संपत आलं. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, अकरा वर्षं झाली. पगार माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराच्या कैक पट. आणि आता याला काय करायचंय? तर बी.एड. करून शिक्षक व्हायचंय! गणित शिकवायचंय, तेही आपल्याच भागात येऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, तुमचं ऐकतो तो. तुम्हीच समजावून सांगा त्याला." काय समजावून सांगा, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

भाच्याला मी त्या रात्री काय सांगितलं असेल? मास्तरची जात! लगेच स्वामी रामानंद तीर्थ सुरू केले. कसे ते शाळेत मुख्याध्यापक होते, कसे सगळं सोडून लढ्यात उतरले, वगैरे. तीसेक वर्षं दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मुलांसमोर हेच भाषण केलेलं, तोंडपाठ आहे. पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग एकच विचारलं, "मामा, त्यांनी एकदम सोडली का शाळा? की आधीपासून डोक्यात होतं?"

उत्तर दिलं काहीतरी. पण फोन ठेवल्यावर झोप येईना. कारण तीस वर्षं मी ती गोष्ट जशी सांगत आलो तशी ती घडलीच नव्हती. माझ्या भाषणातले स्वामीजी एका सकाळी उठतात, खडू खाली ठेवतात आणि थेट निजामाच्या तुरुंगात जातात. मुलांना असंच आवडतं आणि वेळही दहाच मिनिटं असतो. पण चौतीस वर्षांच्या माणसाला ही गोष्ट अशी सांगणं म्हणजे त्याची फसवणूकच. म्हणून आज जरा नीट लिहून काढतोय. भाचा हा ब्लॉग वाचतो (आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढतो).

तर, माणूस मूळचा व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. १९२० मध्ये लोकमान्य गेले, तेव्हा हा शाळकरी वयाचा मुलगा. त्या धक्क्यात त्याने ठरवलं की लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात एम.ए. केलं. मग काही काळ कामगार चळवळीत, ना. म. जोशी यांच्या हाताखाली. जोशी म्हणजे आयटकच्या स्थापनेत पुढे असलेले, देशभर नाव असलेले पुढारी. त्यांच्याजवळ राहून एखाद्याने आयुष्यभर कामगारांचं काम केलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तेही सुटलं, आणि १९२९ मध्ये हा तरुण आला कुठे? तर आपल्या जिल्ह्यात! हिप्परग्याला.

हिप्परगा आता लोहारा तालुक्यात आहे. आमच्या भूमपासून जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथे १९२१ पासून राष्ट्रीय शाळा चालू होती. निजामाच्या राज्यात खेड्यातल्या लोकांनी पदरमोड करून राष्ट्रीय शाळा चालवायची म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना चटकन कळणार नाही. हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचं, त्यातले पाच मराठवाड्याचे. प्रजा बोलणार तेलुगू, मराठी, कानडी, पण वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तेही उर्दू माध्यमाचं. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. १९२९ च्या त्या प्रसिद्ध 'गश्ती निशान ५३' नंतर तर सभा घ्यायलाही परवानगी. माझे वडील सांगायचे, बाजाराला बार्शीला जायचं म्हणजे 'मोगलाईतून इंग्रजीत' जायचं. आज एसटीने हां हां म्हणता होणाऱ्या प्रवासात तेव्हा राज्य बदलायचं, पैसा बदलायचा (इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार) आणि मोठ्याने बोलायचं किती धाडस करायचं तेही बदलायचं.

अशा राज्यात, पंचविशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस हिप्परग्यात मुख्याध्यापक झाला. तिथेच असताना त्याने संन्यास घेतला आणि व्यंकटेशाचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. म्हणजे अंगावर भगवी वस्त्रं आणि हातात खडू. हे चित्र मला अजूनही विलक्षण वाटतं. आपल्याकडे संन्यासी म्हटलं की शाळा सोडून हिमालयात जाणारा! यांनी संन्यास घेतला आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले असणार. (हे 'असणार' माझं. पण मुख्याध्यापकाला रजा मिळत नाही हे मी अनुभवाने सांगतो.)

हिप्परग्यात सहा वर्षं. मग १९३५ मध्ये अंबाजोगाई. निजामी कागदावर त्या गावाचं नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी शाळेची धुरा त्यांनी घेतली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. आणखी तीन वर्षं गेली.

आता हिशेब करा. १९२९ ते १९३८, नऊ वर्षं. माझ्या भाषणात ही नऊ वर्षं एका वाक्यात उरकायची.

या नऊ वर्षांत ते नुसते शिकवत नव्हते, पण सगळं सोडूनही बसले नव्हते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. नाव भारदस्त, पण मागण्या अगदी साध्या: मातृभाषेतून शिक्षण द्या, नागरिकांना बोलू द्या, जबाबदार कारभार द्या. दुसरं अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला. तिथे स्वामीजींकडे परिषदेचं सरचिटणीसपद आलं. म्हणजे शाळा एका हातात आणि परिषद दुसऱ्या हातात, असं आधी झालं. ज्याने एकाच वेळी दोन घोड्यांवर बसायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल ही काय कसरत असते. एक ना एक दिवस कुठला तरी घोडा सोडावाच लागतो. त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद गाठलं. वय? चौतीस! पस्तिसावं वर्ष चालू. हे मी भाच्याच्या फोननंतर बोटांवर मोजलं आणि चमकलोच. इतक्या वर्षांत हा आकडा कधी डोक्यातच आला नव्हता. फोटोतले स्वामीजी आपल्याला कायम पोक्तच दिसतात ना.

मला वाटतं त्यांना शाळेचा कंटाळा आला नव्हता. कंटाळून सोडणारा माणूस नऊ वर्षं थांबत नाही, आणि एका शाळेतून दुसऱ्या शाळेत तर मुळीच जात नाही. शाळेत जे करायचं होतं त्याला भिंत कुठे आहे, ते त्यांना दिसलं असावं. मुलाला मातृभाषेतून शिकवाल, स्वाभिमान शिकवाल, पण शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्याला सभा भरवायची परवानगी नाही. मग शिकवलेल्याचं करायचं काय? (हा माझा अर्थ. त्यांनी त्यांच्या आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत, इंग्रजीत, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. ज्याला मुळापासून वाचायचंय त्याने त्या वाचाव्यात.)

आता गोष्टीचा जो भाग मी मुलांना कधीच सांगितला नाही, तो सांगतो.

शाळा सोडून ते ज्या संघटनेसाठी गेले, त्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ७ सप्टेंबर १९३८ ला बंदी आली. रीतसर स्थापना व्हायच्या आधीच बंदी! म्हणजे नवीन नोकरीवर रुजू व्हायला जावं आणि कचेरीलाच कुलूप दिसावं तसं. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल वगैरे मंडळी. स्वामीजीही लगेच पकडले गेले, शिक्षा झाली. त्याच सुमारास उस्मानियातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्यावरून चळवळ केली आणि त्यांना काढून टाकलं. त्यातले बरेच नागपूरला जाऊन शिकले. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. आणि २४ डिसेंबरला, बरोबर दोन महिन्यांनी, गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह थांबवला गेला.

आता १९३९ च्या जानेवारीत जाऊन उभे राहा. एक पस्तिशीचा मास्तर तुरुंगात आहे. नऊ वर्षं उभी केलेली कामं मागे टाकून आलाय. ज्यासाठी आला ती संघटना बेकायदा आणि ज्या सत्याग्रहात शिरला तो स्थगित. त्या दिवशी अंबाजोगाईच्या एखाद्या पारावर कुणी विचारलं असतं, की काय हो, स्वामींनी शाळा सोडून काय मिळवलं? तर पारावरच्या मंडळींनी काय उत्तर दिलं असतं, हे मला कुणी सांगायला नको. मी आयुष्यभर असल्या पारांवर बसलोय.

आणि हे एखाद्या वर्षाचं नाही. 'काँग्रेस' हे नावच सरकारला नको होतं, त्यावरून घोळ चालू राहिला. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह, पुन्हा तुरुंग. बंदी उठली ती १९४६ मध्ये. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं! मग १५ ऑगस्ट १९४७. सगळा देश स्वतंत्र होतोय आणि स्वामीजींना निजामाच्या राज्यात अटक. मध्ये थोडे दिवस सुटका, परत तुरुंग, ते थेट पोलीस ॲक्शनपर्यंत. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. आम्ही १७ सप्टेंबरला झेंडा लावतो तो त्यासाठी. तेव्हा स्वामीजी पंचेचाळिशीला टेकलेले. शाळा सोडली त्याला दहा वर्षं झालेली.

या दहा वर्षांतल्या कुठल्याही वर्षी त्यांचा निर्णय 'चुकला' असं सिद्ध करता आलं असतं. आपण १९४८ कडून मागे बघतो म्हणून सगळं सरळ रेषेत दिसतं.

असो. इथपर्यंत लिहून मी खूश झालो होतो. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सगळं खरं, पण स्वामीजींना बायकोपोरं होती का? घराचा हप्ता होता का?"

झालं! एका वाक्यात माझा निबंध आडवा. पण मुद्दा बिनतोड आहे. संन्याशाने नोकरी सोडली तर उपाशी राहणार तो एकटा. माझ्या भाच्याला बायको आहे, पहिलीतली मुलगी आहे आणि घराच्या कर्जाची अजून तेरा वर्षं बाकी आहेत. त्याला स्वामीजींचं उदाहरण देणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला गोदावरीचं वर्णन ऐकवणं.

म्हणून प्रपंचातला माणूस शोधू लागलो आणि तोही चौतिशीतलाच सापडला. बाळ गंगाधर टिळक! जन्म जुलै १८५६ चा. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये काढणाऱ्यांत ते होते, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. आजीव सभासदांनी बाहेरचं काम करावं की नाही, बाहेरच्या मिळकतीचं काय करायचं, यावरून सहकाऱ्यांशी वाद वाढत गेले. १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपणच लावलेलं झाड सोडून जायचं, तेही भांडून. घरात बायको आणि मुलं. पुढे 'केसरी' त्यांच्याकडे आला तो डोक्यावर कर्ज घेऊनच.

मग खायचं काय? हा प्रश्न टिळकांच्या चरित्रात आपण वगळतो, पण टिळकांनी वगळला नव्हता. त्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी लॉ क्लास चालवला. आणि दुसरं म्हणजे भागीदारीत कापसाचं जिनिंग काढलं. कुठे? लातूरला! मोगलाईत, आपल्या शेजारी. लोकमान्य म्हटलं की डोळ्यांपुढे मंडाले येतं, लातूरचं जिनिंग कुणाच्या येत नाही. पण वर्तमानपत्र काढून सरकारशी भांडणाऱ्या माणसाने स्वयंपाकघराची सोय कशी लावायची याचा विचार केला होता, हे मला फार आवडतं. सौ.लाही आवडलं. "हे सांगा भाच्याला," म्हणाली.

तशी ही यादी मोठी होईल. गोखल्यांनी १९०२ मध्ये फर्ग्युसन सोडलं, पस्तिशीतच. साने गुरुजींनी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली सहा वर्षांची नोकरी १९३० मध्ये सोडली, वय तीस. मास्तरांना तिशी-पस्तिशीत काहीतरी होतं खरं! बहुधा तोपर्यंत पहिल्या वर्गातली मुलं मोठी होऊन समोर येऊन उभी राहतात आणि आपण काय शिकवलं ते दाखवतात. ते बघून काहीजण जास्त जोमाने शिकवू लागतात, काही बाहेर पडतात.

आणि माझ्यासारखे काही नुसतेच राहतात. आता विषय निघालाच आहे तर सांगतो. जवळच्या नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही.

१९८६ साली मी छत्तीस वर्षांचा होतो. बार्शीच्या एका मित्राने छापखान्यात भागीदारी देऊ केली. खिळ्यांचा छापखाना, ट्रेडल मशीन. मला अक्षरांची हौस, प्रुफं तपासायचं वेड. एक साप्ताहिकही काढायचं ठरत होतं, त्याचं नावसुद्धा ठरलं होतं. नोकरी सोडायची आणि वीस हजार रुपये घालायचे. सौ. नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की, "आधी सहा महिने तुमचा अर्धाच पगार घरात द्या, अर्धा बाजूला ठेवा. तेवढ्यात भागतंय का बघू." मी दोन महिने करून बघितलं. तिसऱ्या महिन्यात थोरल्याला टायफॉईड झाला आणि बाजूला ठेवलेले पैसे गेले. मित्राला पोस्टकार्ड लिहिलं. पुढची बावीस वर्षं त्याच शाळेत शिकवलं आणि निवृत्त झालो.

पश्चात्ताप झाला का? काही वर्षं झाला. बार्शीला गेलो की त्या गल्लीतून जायचं टाळायचो. मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले. मी मनात म्हटलं, बरं झालं गेलो नाही! पण मित्र काही भंगारात गेला नाही. त्याने लग्नपत्रिका सुरू केल्या, मग फ्लेक्स. आज त्याचं घर माझ्या घराच्या तिप्पट आहे. म्हणजे मी राहिलो ते शहाणपणाचं होतं की भित्रेपणाचं, हे छापखान्याच्या नशिबावरून ठरवायची माझी सोयही त्याने ठेवली नाही. साप्ताहिक मात्र निघालंच नाही. निघालं असतं तर मी काय लिहिलं असतं कोण जाणे. या ब्लॉगवर जे लिहितो तेच, बहुतेक.

स्वामीजींबद्दल एक गोष्ट राहिली. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले, १९५७ मध्ये औरंगाबादहून. पण या धामधुमीतही शाळा-कॉलेजं काही सुटली नाहीत. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं ते त्यांच्याच पुढाकाराने. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ज्या अंबाजोगाईतून शाळा सोडून निघाले तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. त्यांनी मास्तरकी सोडली असं मी भाषणात म्हणायचो, ते वाक्यही आता जरा तपासूनच म्हणावं लागेल.

तर काल रात्री मीच भाच्याला फोन केला. स्वामीजींचं नाव काढलं नाही. आधी हिशेब विचारला. बी.एड.ची दोन वर्षं पगार नाही. मग टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, आणि नंबर लागलाच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला मानधन महिना अठरा हजार. तुझा घराचा हप्ता किती? त्याने आकडा सांगितला. दोघेही थोडा वेळ गप्प. मग तो म्हणाला, "हे सगळं मी लिहून काढलंय मामा. सूनबाईंनीच काढायला लावलं." (बायकोला माझ्यासमोर 'सूनबाई' म्हणतो गुलाम!) ती नोकरी करते, तिच्या पगारात हप्ता बसतो, घर बसत नाही. घरासाठी तो शनिवार-रविवार ऑनलाइन शिकवण्या घेऊन बघतोय. गेले चार महिने घेतोय, आणि आईला बोललेला नाही.

चार महिने! म्हणजे माझ्यापेक्षा दोन महिने जास्त टिकलाय.

मी म्हटलं, मुलं किती आहेत? म्हणाला सात. त्यातली एक मुलगी आपल्या भूमचीच, नववीतली. अपूर्णांकाला घाबरते. त्यावर तो पंधरा मिनिटं बोलला. नोकरीबद्दल तो माझ्याशी कधी दोन मिनिटंही बोलला नव्हता.

दिवाळीला चौघे इकडे येणार आहेत. शाळेला सुट्टी लागायच्या आधी चार दिवस ये, असं मी त्याला सांगितलंय. आमच्या जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापकांशी बोललोय, नववीच्या वर्गावर रोज दोन तास त्याला उभं करतील. चाळीस पोरं, एक पंखा, दुपारचा तास. बहिणीला अजून काही बोललेलो नाही. तिचा फोन आज-उद्या येईलच.